पलीकडचा सुतार

जुलैचे शेवटचे दिवस होते. मासेमारीबंदी उठायला आठवडा राहिलेला, आणि आगरदांड्याला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या अजून शाकारलेल्याच होत्या. दिघीच्या फेरीला वेळ होता म्हणून धक्क्यावरून उतरून मी उगाच इकडेतिकडे हिंडत होतो. एका होडीची ताडपत्री अर्धी उलटून टाकलेली दिसली. आत एक म्हातारा सुतार उकिडवा बसून फळ्यांवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत होता. टण्, टण्, टण्, आणि मध्येच भद्द. भद्द वाजलं की तो थांबायचा, खिशातून दाभण काढून तिथे टोचायचा, किती आत गेली ते बघायचा आणि पुढे सरकायचा. विकणारा शेजारी उभा राहून इंजिन किती नवं, जाळी किती भारी, ते सांगत होता. सुतार त्याच्याकडे बघतही नव्हता.

घेणारा माणूस तिथलाच. मी विचारलं, “गावात सुतार नाही का? हे पलीकडून आलेले दिसतात.”

“हाय ना,” तो म्हणाला. “पण ही होडी त्यानंच बांधलीय.”

खासगी जेट विमान कसं घ्यावं यावर जगभर जाडजूड पुस्तिका निघतात, वकील आणि सल्लागार त्यावर भाषणं देतात. त्या सगळ्यांचं सार या एका वाक्यात आलं आहे. गल्फस्ट्रीमचं जी-६५० हे मोठं बिझनेस जेट बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास होती. हे वाचणाऱ्यांपैकी ते कोणी घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण व्यवहार जितका मोठा तितका त्यातला फसण्याचा सांधा स्पष्ट दिसतो, आणि तो सांधा होडीत, जुन्या फ्लॅटमध्ये, सेकंडहँड ट्रॅक्टरमध्ये अगदी तोच असतो.

विमानाच्या खरेदीत माणसं किती असतात बघा. विमान बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता असतो. विमान जुनं असेल तर मालकाचा दलाल, आणि पुष्कळदा घेणाऱ्याचाही दलाल. त्याची आजवर देखभाल करणारी कार्यशाळा असते. कर्ज देणारी बँक, विमा कंपनी, पुढे विमान चालवून देणारी कंपनी आणि वैमानिक असतातच. हे सगळे जाणकार असतात, सगळे गोड बोलतात, आणि व्यवहार झाला तर प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडतं. व्यवहार मोडला तर मात्र एकाच्याही पदरात काही पडत नाही. घेणाऱ्याला “हे घेऊ नका” असं सांगणारा एकही माणूस या गर्दीत नसतो. तो बाहेरून, वेगळे पैसे मोजून आणावा लागतो. स्वतंत्र सल्ला म्हणतात तो हाच.

आपल्याकडे लग्न जुळवताना ही अक्कल सगळ्यांना असते. स्थळाची चौकशी कोणी मुलाच्या मामाकडे करत नाही. त्याच्या ऑफिसातल्या कोणाला तरी, नाहीतर त्याच आळीतल्या दुकानदाराला गाठतात. कोट्यवधींचा सौदा करताना मात्र तीच माणसं विक्रेत्याच्या चकचकीत माहितीपत्रकावर विसंबतात, हे मला कधी उलगडलेलं नाही.

जुन्या विमानाच्या व्यवहारात या स्वतंत्र माणसाचं पहिलं मोठं काम म्हणजे खरेदीपूर्व तपासणी. साधारण रिवाज असा: घेणारा इरादापत्र देतो, परत मिळण्याजोगी अनामत तिसऱ्याच संस्थेकडे ठेवतो आणि मग विमान तपासणीला जातं. तपासणीचा खर्च घेणाऱ्याचा. उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाध आणणारा दोष सापडला तर दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यायची. गाद्या मळल्यात, लाकडावर चरे आहेत, त्याचा भार त्याच्यावर नाही. घेणाऱ्याने अहवाल वाचून “पसंत” अशी सही केली की अनामत अडकते. म्हणजे सगळी मदार त्या अहवालावर, आणि अहवाल लिहितो कोण यावर.

इथे विकणारा हमखास एक सोयीची सूचना करतो: “आमचं विमान वर्षानुवर्षं अमुक कार्यशाळेतच जातं, त्यांना त्याची नस अन् नस माहीत आहे, तिथेच तपासून घ्या.” सूचना वरवर शहाणपणाची आहे, आणि नेमकी तीच टाळायची असते. ज्याने दर वर्षी “ठीक आहे” असं लिहून सही केली, तो आता स्वतःच्याच सहीविरुद्ध काय लिहिणार? शिवाय विकणारा हे त्याचं जुनं गिऱ्हाईक, आणि तुम्ही आज आहात, उद्या नाही. होडी बांधणारा सुतार आणि ही कार्यशाळा यात काही फरक नाही.

तपासतात काय? लाकडी होडीतला जाणता माणूस आधी कुठे बघतो, तर जिथे पावसाचं पाणी साचून राहतं तिथे. खारं पाणी लाकूड एक वेळ टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. विमानात त्याच्याशी जुळणारी जागा म्हणजे शौचालयाच्या आणि स्वयंपाकाच्या ओट्याच्या खालची जमीन. तिथे वर्षानुवर्षं थेंब थेंब सांडतं, गालिच्याखाली मुरतं आणि अॅल्युमिनियमला गंज चढतो. हा गंज लोखंडासारखा तांबूस नसतो. पांढरट भुकटी होते, रंग फुगून येतो. गालिचा आणि खालच्या फळ्या उचलल्याशिवाय तो दिसत नाही, आणि उचलण्याला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून “वरवरची तपासणी पुरे” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. विमान कुठे राहिलं होतं, हेही विचारावं लागतं. कोरड्या वाळवंटी हवेत उभं राहिलेलं विमान आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघड्यावर चार पावसाळे काढलेलं विमान, दोघांचं जन्मसाल एक असलं तरी वय एक नसतं. आगरदांड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याच्या दाराची कडी दोन वर्षांत गंजते.

इंजिनाची तपासणी डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात तशीच होते. बारीक नळीच्या टोकाला कॅमेरा लावून तो इंजिनाच्या भोकातून आत सोडतात आणि एकेक पातं बघतात. कुठे टवका उडालाय, कुठे जळल्याची खूण आहे. पण इंजिनाचं खरं मोल कागदात असतं. त्यातल्या फिरत्या चकत्यांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा तासांत नाही, तर किती वेळा इंजिन चालू होऊन उड्डाण झालं त्या फेऱ्यांत मोजतात. चकती डोळ्यांना कितीही धडधाकट दिसो, तिच्या फेऱ्या भरल्या की ती बाद. त्यामुळे प्रत्येक अशा भागाचा जन्मापासूनचा दाखला लागतो: कारखान्यातून कधी निघाला, कोणत्या इंजिनात बसला, कधी काढला, कुठे पुन्हा बसवला. सातबारा बघून चालत नाही, मागचे सगळे फेरफार काढावे लागतात, तसंच हे. मधलं एक पान गहाळ असेल तर तो भाग कितीही नवा असला तरी बिनकामाचा ठरू शकतो. नोंदवह्यांतला खंड जुन्या विमानाची किंमत जितकी पाडतो, तितकी इतर फार थोड्या गोष्टी पाडतात. विक्रेता तुम्हाला चामड्याच्या खुर्च्या दाखवतो. स्वतंत्र तंत्रज्ञ दोन दिवस खोकी उपसून कागद वाचत बसतो, आणि त्याचं हे काम बघायला अतिशय कंटाळवाणं असतं.

दुसरं काम मालकीचं. इथे मुंबईतच घडलेलं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. विजय मल्ल्या वापरत ते एअरबस ए-३१९ विमान, शेपटावर नोंदणी व्हीटी-व्हीजेएम, म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं. किंगफिशर एअरलाइन्स २०१२ मध्ये बंद पडली. तिच्याकडे सेवाकराची मोठी थकबाकी होती, आणि २०१३ च्या अखेरीस सेवाकर खात्याने मुंबई विमानतळावर हे विमान जप्त केलं. गंमत अशी, की वापर मल्ल्यांचा, थकबाकी किंगफिशरची, आणि कागदोपत्री विमान भाडेपट्ट्यावर देणाऱ्या एका परदेशी कंपनीचं. शेपटावर नाव कोणाचं यावरून मालक ठरत नाही, हे याहून ठसठशीत कुठे दिसणार?

मग लिलाव सुरू झाले. २०१६ मध्ये राखीव किंमत ठेवली १५२ कोटी रुपये. बोली आली एकच, १ कोटी ९ लाखांची. ती नाकारली गेली. विमान धावपट्टीशेजारी उभंच. पावसाळे येत गेले, जागा अडली म्हणून विमानतळाची कुरकुर सुरू झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पुन्हा पुन्हा लिलाव झाले. शेवटी २०१८ च्या जूनअखेर एका अमेरिकी कंपनीने ते ३४ कोटी ८० लाखांना घेतलं. १५२ आणि ३५ यांच्यामधलं अंतर कशाचं? काही अंशी बाजार मंद होता हे खरं. पण बरंचसं अंतर उडणाऱ्या विमानात आणि उभ्या विमानात असतं तेच आहे. विमान उभं राहिलं तरी त्याच्या ठरावीक तपासण्यांच्या तारखा थांबत नाहीत. काही तपासण्या उड्डाणतासांवर असतात, काही पंचांगावर. चाकांच्या सांगाड्याची मोठी दुरुस्ती बऱ्याच जेटना दहा-बारा वर्षांनी करावीच लागते, मग ते हजार वेळा उतरलेलं असो नाहीतर दहा वेळा. त्या तारखा उलटून गेलेलं विमान घेणारा माणूस किमतीत तो सगळा खर्च वजा करूनच बोलतो. राखीव किंमत ठरवणाऱ्याला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मधले लिलाव वाचले असते.

मालकी आणि बोजा तपासण्याची सोय आता बरी झाली आहे. २००१ मध्ये केपटाउनला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २००६ पासून अमलात आहे, आणि त्याखालची जागतिक नोंदवही आयर्लंडमधून संगणकावर चालते. विमानावर कोणाचं कर्ज आहे, कोणाचा हक्क आहे, ते तिथे दिसतं. भारत २००८ मध्ये करारात आला आणि त्यासाठीचा स्वतंत्र कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. अमेरिकेत नोंदलेली विमानं असतील तर ओक्लाहोमा सिटीतली सरकारी नोंदणीही तपासावी लागते. पण नोंदवही तपासणारा माणूसही स्वतंत्र हवा. त्याच ओक्लाहोमामध्ये विमान-व्यवहारांच्या अनामती सांभाळणारी एक संस्था होती. अस्तित्वातच नसलेल्या सौद्यांसाठी तिने गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर जमा करून घेतले, असं सिद्ध झालं आणि २०२३ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयात तिच्या चालिकेला दोषी ठरवण्यात आलं. तिऱ्हाईत म्हणवून घेणारा खरोखर तिऱ्हाईत आहे का, हेही बघायचं असतं.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी गोम तिथेच आहे. विमानाच्या दलालाला बहुधा किमतीच्या टक्क्यात मोबदला मिळतो. म्हणजे घेणाऱ्याच्या दलालालाही किंमत वाढली तर फायदा. काही जण दोन्हीकडून घेतात आणि एकालाही सांगत नाहीत. याहून नामी युक्ती म्हणजे दलालाने मधल्या मध्ये स्वतःच विमान विकत घ्यायचं आणि त्याच दिवशी चढ्या भावाने तुम्हाला विकायचं. दोन करार, दोन किमती, आणि मधला फरक त्याच्या खिशात. विकणाऱ्याला वाटतं अमुकला गेलं, घेणाऱ्याला वाटतं तमुकला मिळालं. यावर उपाय एकच, मूळ मालकाशी थेट करार आणि पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर.

छुपी दलाली सरकारी खरेदीतही शिरते. भारताने २००८ मध्ये ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीशी तीन ईएमबी-१४५ विमानांचा करार केला, हवाई टेहळणीची रडार यंत्रणा बसवण्यासाठी. याच घराण्यातलं लेगसी हे बिझनेस जेट. भारताच्या संरक्षण खरेदीत तेव्हा मध्यस्थांना मज्जाव होता. पण २०१६ च्या ऑक्टोबरात एम्ब्रेअरने अमेरिकी यंत्रणांशी तडजोड करताना २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली, तेव्हा इतर देशांतल्या लाचखोरीबरोबर भारतातल्या एका दलालाला दिलेल्या सुमारे ५७ लाख डॉलरची गोष्टही बाहेर आली. ती रक्कम हिशेबात भलत्याच कामाच्या नावाने दाखवली होती. अख्ख्या सरकारला जे आठ वर्षं कळलं नाही, ते एकट्यादुकट्या कारखानदाराला एका जेवणात कसं कळावं?

म्हणून माझं मत सरळ आहे. सल्लागाराला ठरावीक फी द्यावी, सौदा होवो न होवो, आणि तुमच्याशिवाय इतर कोणाकडूनही तो काही घेत नाही हे लेखी घ्यावं. “तुम्ही मला काही देऊ नका, माझं मी बघतो” असं म्हणणारा सल्लागार सगळ्यांत महाग पडतो.

आणि सल्लागार चांगला असेल तर तो विमानाच्या आधी तुमच्या गरजेला हात घालतो. वर्षाला उडणार किती तास? या धंद्यातला ठोकताळा असा, की साधारण दोनशे तासांच्या आत असाल तर भाड्याने घ्या किंवा हिस्सेदारीत जा. अख्खं विमान पोसणं परवडत नाही. हत्ती घेणं सोपं, चारा महाग. जाणार कुठे? माहितीपत्रकात धावपट्टीची लांबी लिहिलेली असते ती समुद्रसपाटीला, पंधरा अंश तापमानाला. मे महिन्यात लातूर-नांदेडच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत हवा पातळ होते, पंख आणि इंजिन दोघांचंही बळ घटतं आणि तेच विमान उचलायला बरीच जास्त धावपट्टी मागतं, नाहीतर माणसं किंवा इंधन कमी करावं लागतं. विक्रेता हे विचारल्याशिवाय सांगत नाही. ठेवणार कुठे? मुंबईत जागेची चणचण आहे आणि गर्दीच्या तासांत खासगी उड्डाणांवर निर्बंध असतात. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, वेळा त्यांच्या सोयीने. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरपासून चालू झाला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हणून पर्याय थोडे वाढतील.

कराचा प्रश्न तर नुसत्या तंत्रज्ञाने सुटणारा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि हौशी यॉटवरही तेवढाच. मासेमारीच्या बोटीवर मात्र ५ टक्के, आणि भाड्याने चालवण्याच्या विमानावरही ५. हा पस्तीस टक्क्यांचा खड्डा बघून पुष्कळांना बुद्धी सुचते: कागदावर भाड्याचं विमान दाखवू आणि घरचे फिरू. २००७ मध्ये आयात शुल्कातही अशीच सवलत आली होती. तेव्हा अनेकांनी हा मार्ग धरला, सीमाशुल्क खात्याने नोटिसा काढल्या आणि खटले दशकभर रेंगाळले. विकणारा सवलत सांगतो, नोटीस आली की तो फोन उचलत नाही. करसल्लागारही आपलाच हवा, विक्रेत्याने “आमचे नेहमीचे” म्हणून दिलेला नको. नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सच्या कारखान्यात २०२८ पासून फाल्कन-२००० जेट जुळवून देण्याची घोषणा झाली आहे. ती विमानं आली की मराठी उद्योजकांच्या दारात विक्रेत्यांची ये-जा वाढेल, तेव्हा हे उपयोगी पडेल.

फेरीतून पलीकडे जाताना राजपुरीच्या खाडीत दोन्ही तीरांवर दिघी बंदराचा पसारा दिसतो. हे बंदर कर्जात बुडालं, दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अदानी समूहाने ७०५ कोटींना ते पूर्णपणे ताब्यात घेतलं. या कायद्याने बुडीत कंपनीचं मोल कसं काढायचं ते ठरवून दिलंय: दोन नोंदणीकृत मूल्यांकक, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे फार जुळले नाहीत तर तिसरा नेमता येतो. गेल्या पाच वर्षांत त्या कंपनीचा लेखापरीक्षक राहिलेला माणूस या कामाला चालत नाही. दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या व्यावसायिकाचा नातेवाईक चालत नाही. होडी ज्याने बांधली त्याने ती तपासायची नाही, हे इथे कायद्यातच लिहिलेलं आहे. खासगी विमान घेणाऱ्याला असं कोणतंही कायद्याचं संरक्षण नाही. त्याचा सुतार त्यालाच शोधावा लागतो.

त्या दिवशी म्हातारा होडीतून उतरला, हात झाडले आणि घेणाऱ्याला बाजूला नेऊन म्हणाला, “नाळेकडच्या चार फळ्या गेल्यात. वरून फायबर मारलंय, आत पाणी आहे. इंजिन चांगलंय.” विकणाऱ्याने भाव उतरवायला नकार दिला आणि सौदा मोडला. सुतारानं ठरलेली मजुरी मोजून घेतली आणि माझ्याबरोबर दिघीच्या फेरीत चढला.